ग्रंथालयातील टेबलामागचा माणूस

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे तो वाचनाचे महत्त्व सांगणार, असे आपण धरून चालता. ते मी आज सांगणार नाही. ज्या दीनमध्ये पहिली आज्ञाच वाचण्याची झाली, त्या दीनच्या माणसांना वाचन चांगले हे पुन्हा पुन्हा सांगत बसणे मला बरे वाटत नाही. मला बोलायचे आहे ते एका माणसाविषयी. सार्वजनिक ग्रंथालयात शिरल्यावर समोर टेबल असते आणि टेबलामागे एक माणूस बसलेला असतो, त्या माणसाविषयी. त्याला काय शिकवलेले असते आणि काय शिकवायला हवे, हा माझा आजचा विषय आहे. वरवर पाहता हा विषय आपला नाही असे वाटेल. तो आपलाच कसा आहे, हे मी माझ्यावरून सांगतो.

मी सातवीत असताना वर्गातल्या मित्रांचे पाहून गावच्या ग्रंथालयात गेलो. वर्गणीचे पैसे अब्बांनी दिले होते. ते मी मुठीत घट्ट धरले होते. मला एक शिकारकथांचे मराठी पुस्तक हवे होते. टेबलामागच्या गृहस्थांनी नाव विचारले. मी सांगितले. त्यांनी मान वर न करताच म्हटले, "उर्दू पुस्तकं नाहीत हं आपल्याकडे." मी उर्दू मागितलेच नव्हते. मला उर्दू तेव्हा नीट वाचताही येत नव्हते. पण तोंडातून शब्द फुटेना. मी "बरं" म्हणून बाहेर आलो आणि पुढची तीन वर्षे त्या इमारतीची पायरी चढलो नाही.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. ते वाईट नव्हते. मला हाकलून द्यावे असे त्यांच्या मनातही नसेल. उलट एक चक्कर वाचवली, असेच त्यांना वाटले असेल. नाव ऐकले आणि पुस्तक ठरवून टाकले, एवढेच. हे चूक आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

दहावीत गेल्यावर शिक्षकांनी निबंधासाठी पुन्हा त्याच ग्रंथालयात पाठवले. आता टेबलामागे एक बाई होत्या. नुकताच ग्रंथालयाचा प्रशिक्षण वर्ग पुरा करून आलेल्या. त्यांनीही नाव विचारले, वहीत लिहिले आणि पुढचा प्रश्न केला, "काय वाचायला आवडतं तुला?" मित्रांनो, इमारत तीच, कपाटे तीच, पुस्तकेही बहुतेक तीच. फरक एका प्रश्नाचा. मी आज बी.ए., बी.एड. होऊन आपल्यासमोर उभा आहे, त्यात त्या एका प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

अशी सवय माणसाला आपोआप लागत नाही, ती लावावी लागते. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांचेच उदाहरण घ्या. ते मूळचे गणिताचे शिक्षक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण त्या कामात त्यांचे मन रमेना, परत शिकवायला जाऊ द्या असे ते काही दिवसांतच म्हणू लागले. त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. कामगार, बायका, मुले सगळे एका छपराखाली वाचताना पाहिले, आणि माणूसच बदलून गेला. परत आल्यावर त्यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तक कुलपात ठेवण्यासाठी नसते, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, असा त्यांचा आशय. यातले 'प्रत्येक' हा शब्द लक्षात ठेवा. गरीब, खेडूत, स्त्री, आंधळा, सगळे त्यात येतात.

आपल्या बाजूलाही ही परंपरा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथालय सेवकांसाठी वर्ग निघाला आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यांत जाऊ लागली. कोल्हापूर संस्थानाने 1945 साली ग्रंथालयाचा कायदा केला. आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. 1939 साली मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या वाढीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते असफ अली असगर फैझी, मुस्लिम कायद्याचे नामांकित अभ्यासक. प्रांताच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि पार खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी असावी, अशी योजना त्या समितीने मांडली. फैझी साहेबांनी ती आपल्या जमातीपुरती मांडली नाही, साऱ्या प्रांतासाठी मांडली. तेव्हा सार्वजनिक ग्रंथालय हे 'त्यांचे' आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. त्याच्या पायात आपलाही दगड आहे.

पुढे 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आज राज्यात शासनमान्य ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. बहुतेक स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अनुदान देते. अनुदान आपल्या सर्वांच्या करातून येते. म्हणून तिथे आपल्या मुलाला पुस्तक मिळणे हा कोणाचा उपकार नव्हे.

पण कायद्याने दार उघडते, टेबलामागची नजर उघडत नाही. हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत ते फार उघडे होते, म्हणून तिथला दाखला देतो.

तिथल्या दक्षिण भागात काळ्या लोकांना सार्वजनिक ग्रंथालयात प्रवेशच नसे. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात 1905 साली त्यांच्यासाठी एका घराच्या भाड्याच्या खोल्यांत वेगळी शाखा उघडली. 1908 साली तिला स्वतःची इमारत मिळाली. तिचे प्रमुख होते थॉमस फाउंटन ब्ल्यू. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. वेगळी शाखा म्हणजे न्याय नव्हे, हे त्यांना कळत नसेल असे नाही. पण ते हात जोडून बसले नाहीत. त्यांनी त्या शाखेतच ग्रंथालय सेवकांचा वर्ग सुरू केला. काळ्या तरुणींना आणि तरुणांना हे काम शिकवणारे दुसरे ठिकाण तेव्हा दक्षिणेत नव्हते. दूरदूरची गावे आपली माणसे त्यांच्याकडे शिकायला पाठवू लागली. ज्या समाजाला दाराबाहेर ठेवले होते, त्याच समाजातून टेबलामागे बसणारी शिकलेली माणसे तयार झाली.

विद्यार्थी मित्रांनो, दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. 27 मार्च 1961 रोजी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजचे नऊ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात गेले. त्यांना हवी असलेली पुस्तके काळ्यांच्या शाखेत नव्हती. ते खुर्च्यांवर बसले आणि शांतपणे वाचू लागले. पोलिसांनी त्यांना पकडून तुरुंगात घातले. त्याच वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या हक्कांच्या जाहीरनाम्यात वंश, धर्म किंवा मते यांवरून कोणाला ग्रंथालय नाकारू नये, असे कलम घातले. मात्र ग्रंथालयातल्या भेदभावाबद्दल या लोकांची माफी मागायला संघाला 2018 साल उजाडले.

आता तिथल्या अनेक ग्रंथालयांत सेवकांना पुस्तकांची मांडणी शिकवतात, तसेच माणसांशी न्यायाने कसे वागावे हेही शिकवतात. त्यात नियमांकडे पुन्हा पाहणे आले. उदाहरणार्थ, उशिरा पुस्तक परत केल्याचा दंड. दंड सर्वांना सारखाच. पण श्रीमंताचे मूल तो खिशातून देते आणि गरिबाचे मूल पुन्हा येतच नाही. हे ओळखून शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 साली असा दंड बंद केला.

सारखेपणा आणि न्याय यांतला हा फरक आपल्याकडेही दिसतो. माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी सभासद व्हायला गेली. अर्जावर आधीच्या सभासदाची हमी हवी होती. नियम सर्वांना एकच. पण तिच्या मोहल्ल्यात एकही सभासद नाही, तर हमी कोण देणार? टेबलामागच्या भाऊंनी अर्ज परत केला. त्यांनी नियम पाळला, त्यांना दोष कसा द्यावा? शेवटी मी सही केली. पण मनात आले, ज्या मुलीच्या ओळखीचा कोणी मास्तर नाही, तिने काय करावे? शिकलेला ग्रंथपाल असता तर त्याने अर्ज परत करण्याआधी नियमाचा हेतू पाहिला असता. पुस्तक परत यावे एवढाच हेतू. मग शाळेचा दाखला चालेल का, हे त्याने आपल्या समितीला विचारले असते.

म्हणून मला वाटते, ग्रंथालय सेवकांच्या शिक्षणात वर्गीकरण आणि तालिका यांच्या जोडीला आणखी चार गोष्टी असाव्यात. नावावरून, बुरख्यावरून किंवा कपड्यांवरून वाचकाची आवड ठरवू नये. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याला तो भरून द्यावा, आणि चारचौघांत त्याला ओशाळे वाटू देऊ नये. कोणत्या वस्तीतून कोणी येत नाही, हे सभासदांच्या नोंदवहीवरून वर्षातून एकदा पाहावे आणि त्या वस्तीत जाऊन यावे. आणि वाचकांच्या मागणीची वही नुसती टेबलावर न ठेवता पुस्तक खरेदीच्या वेळी उघडावी. यातले काहीच खर्चाचे नाही. पण हे कोणी तरी शिकवावे लागते. आणि हेही मान्य केले पाहिजे की लहान ग्रंथालयातले सेवक फार थोड्या पगारावर राबतात. त्यांच्याकडून सौजन्याची अपेक्षा करताना त्यांच्या पगाराची आणि प्रशिक्षणाची बाजूही आपण उचलून धरली पाहिजे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. दुसऱ्याच्या टेबलाविषयी बोलणे सोपे असते. आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाचे कपाट कुलपात असते आणि किल्ली एकाच चाचांच्या खिशात. ते दुकानावर गेले की वाचनालय बंद. संध्याकाळी तिथे मुलगे बसतात. मुलींना वेळ कोणती? आपल्या बहिणींनी वाचायचे कुठे? शेजारच्या आळीतला हिंदू किंवा बौद्ध मुलगा आत डोकावला, तर त्याला आपण "ये, बस" म्हणतो, की "इथे उर्दूच आहे" म्हणून वाटेला लावतो? तसे केले तर माझ्या लहानपणीच्या त्या गृहस्थांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

पालकहो, आपल्यासमोर माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, प्रत्येक घरातून एक तरी सभासद सार्वजनिक ग्रंथालयात नोंदवा. आई सभासद झाली तर फारच चांगले. पहिल्यांदा कोणी रूक्ष बोलले तर माझ्यासारखे तीन वर्षे घरी बसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, शांतपणे आपले पुस्तक मागा. आणि ग्रंथालयाची वार्षिक सभा असेल तेव्हा हजर राहा, कारण नियम तिथे ठरतात.

दुसरी, जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत ग्रंथालय प्रमाणपत्राचे वर्ग चालतात. पुढे विद्यापीठाच्या पदवीचीही सोय आहे. आपल्या मुलामुलींना डॉक्टर, इंजिनिअर अवश्य करा. पण दरवर्षी निदान एक मुलगी आणि एक मुलगा या वर्गाला जावा आणि त्यांची फी संस्थेने भरावी, असे मी पदाधिकाऱ्यांना सुचवतो. टेबलामागे आपलेही मूल बसले की पलीकडे उभ्या असलेल्या मुलाची भीती आपोआप कमी होते. त्याबरोबर एक अट मात्र घालू. त्या मुलाने आपल्या जमातीची नव्हे, येणाऱ्या प्रत्येकाची सेवा करायची.

तिसरी, संस्थेच्या वाचनालयाची किल्ली अशाच एका शिकलेल्या हाती द्या. मुलींसाठी रोजची वेळ ठरवा आणि दारावर मराठीत आणि उर्दूत पाटी लावा की हे वाचनालय सर्वांसाठी आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, आता मुलांच्या हातात मोबाईल आला, ग्रंथालयात कोण जातो? संध्याकाळी एकदा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जाऊन पाहा. एका खोलीत पाच माणसे राहतात, त्या घरचे मूल अभ्यासाला शांत जागा शोधत असते. मोबाईल त्याला माहिती देईल. जागा देणार नाही, आणि "काय वाचायला आवडतं तुला?" असे आपुलकीने विचारणारही नाही.

आज या गावात कोणीतरी सातवीतला मुलगा किंवा मुलगी वर्गणीचे पैसे मुठीत धरून त्या टेबलासमोर उभी असेल. तिला कोणता शब्द ऐकू येणार, यावर तिची पुढची किती तरी वर्षे अवलंबून आहेत. तो शब्द चांगला निघावा यासाठी टेबलामागच्या माणसाला शिकवणे हे सरकारचे काम आहे, ग्रंथालय संघाचे आहे, आणि आपलेही आहे. अल्लाह आपल्याला ते करण्याची तौफीक देवो.