संगणक उशिरा का सुरू होतो?

(सुरत येथे मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. तेथील तासातील काही मिनिटे संगणक सुरू होण्यातच गेली, की ‘यंत्र जुने झाले, बदला’ असा निर्णय दिला जातो. निदानापूर्वीच दिलेले हे औषध होय.

लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सुरू होताना प्रत्येक घडामोडीची वेळेसह नोंद ठेवतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा देताच ती नोंदवही समोर येते. डावीकडील सेकंदांचा आकडा ५ वरून एकदम ३५ वर गेला, तर मधला वेळ कोठे गेला ते शोधावे. पुष्कळांची चूक येथेच होते. खंडानंतरच्या ओळीला ते दोषी धरतात. ती बिचारी बहुधा ताटकळलेली असते. मी पाहिलेल्या एका यंत्रातील जुनी डिस्क काढलेली होती. परंतु तिच्यावरील स्वॅप विभागाचा उल्लेख तसाच राहिला होता. त्या हरवलेल्या विभागाची रोज अर्धा मिनिट वाट पाहिली जाई! एक ओळ दुरुस्त करून प्रारंभ-संच पुन्हा बांधला. खर्च काहीच नाही.

शंका उरल्यास ‘इनिटकॉल डीबग’ हा पर्याय द्यावा. गाभ्यातील प्रत्येक आरंभकार्याला किती मायक्रोसेकंद लागले ते कळते.

२००८ साली अर्जान व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक यांनी एक छोटा संगणक ५ सेकंदांत सुरू करून दाखविला. त्यांत गाभ्याच्या वाट्याला १ सेकंदच होता.

तेव्हा यंत्र बदलण्याचे मागणीपत्र पाठविताना ही नोंदवही सोबत जोडावी.