फ्ल्यूची लस किती राखते?

(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद, कोठेही फ्ल्यूच्या लशीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: लस घेऊनही ताप आला, मग तिचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही स्पष्ट असावे.

इन्फ्लुएंझा म्हणजे साधे पडसे नव्हे. १९१८ साली मुंबईमार्गे पसरलेल्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला मृत्यू पुण्यास झाला.

हा विषाणू सतत रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, लशीचे घटक सुचविते. ते फैलावलेल्या विषाणूशी जुळले, तर दवाखाना गाठावा लागेल अशा फ्ल्यूचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी घटतो; न जुळल्यास लाभ कमी. म्हणजेच, एरवी जे शंभर जण आजारी पडले असते, त्यांपैकी चाळीस ते साठ जण बचावतात. उरलेल्यांचा आजारही बहुधा सौम्य राहतो.

तुरीवर फवारणी केली म्हणून शेंगा पोखरणारी प्रत्येक अळी मरत नाही. तरीही पीक हाती यावे म्हणून आपण फवारतोच. लशीचा हिशेब असाच आहे.

काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. लशीचे बळ येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ते ओसरते. यास्तव ती दरवर्षी घ्यावी लागते. इतर विषाणूंच्या सर्दीवर ती चालत नाही. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्ल्यू होत नाही. एक-दोन दिवस अंगदुखी वा बारीक ताप येऊ शकतो.

ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. पदरचा पैसा मोजावा लागत असेल, तर घरातील वृद्ध, गर्भवती आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांचा विचार आधी व्हावा. सहा महिन्यांखालील बालकास ही लस देत नाहीत. मातेने गरोदरपणी घेतलेली लसच त्याला राखते.

शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी हे घरोघरी समजावून सांगावे. लस सर्वांनाच वाचविते असे सांगू नये, आणि ती निरुपयोगी आहे असेही कोणास म्हणू देऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घेऊन योग्य वेळी लस टोचून घ्यावी, एवढीच विनंती.