रद्दीचा ताव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मुलांना रद्दीपासून हातकागद शिकविण्याचा वर्ग मंडळाने सुरू केला, तेव्हा एका भगिनीने मला विचारले, "रद्दीवाला रोख पैसे देतो, मग हा चिखल कशासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावयाचे राहून गेले, ते आज देते.

हे काम आपल्या भागाला नवखे नाही. मिहानपासून वर्धा रोडने निघाले की दीड-दोन तासांत वर्धा येते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे तेथे मगनवाडीत होते, आणि कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचे कामही तेथे चाले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच कागद करणाऱ्यांवरून पडले आहे. ते कारागीर चिंध्या कुटून लगदा करीत. हे मला ठाऊक होते, पण ऐन वेळी सुचले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही नुसती वर्तमानपत्रे घेतली. तुकडे रात्रभर भिजविले, मिक्सरमधून काढले, टबभर पाण्यात लगदा कालविला आणि जाळीच्या चौकटीने ताव उचलले. उचलताना चौकट दोन्ही अंगांनी हलकेच हालवावी लागते, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. त्या गुंतण्याने कागद धरून राहायला मदत होते. आमचे ताव मात्र फडक्यावर उतरविताच फाटले. वर्तमानपत्राचे तंतू मुळातच आखूड आणि कमजोर, त्यात मिक्सरने ते आणखी तोडले. त्यांना सुती चिंध्यांच्या लांब तंतूंचा आधार हवा होता.

दुसऱ्या खेपेस मी चिंध्या मिक्सरमध्ये घातल्या. धागे पात्याला गुंडाळले आणि मिक्सर जळाला. तो माझाच होता, म्हणून घरी फारसे बोलणे झाले नाही. शेवटी एका मुलाच्या आजींनी उखळ बाहेर काढले. धुण्याच्या सोड्यात उकळून धुतलेल्या चिंध्या त्यांनी दोन दुपारी कुटल्या. मुसळ कसे धरावे हे मुलांनी त्यांच्याकडून शिकून घेतले, आणि माझ्यापेक्षा त्यांचेच अधिक ऐकले.

त्या दिवशी एकवीस मुलांनी तीन तास खपून चौदा ताव उचलले. वाळल्यावर नऊ धड निघाले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी जुन्या वह्यांतील एकतीस कोरी पाने घेऊन आली. ती टबात घालायची नव्हती, शिवून वही करून हवी होती. तेव्हापासून वर्गाचा नियमच झाला की एक बाजू कोरी असेल तो कागद भिजवायचा नाही. रद्दीवाल्याच्या तागडीत कोरे आणि लिहिलेले पान एकाच भावाने जाते. मुलांच्या हिशेबी आता तसे जात नाही. त्या भगिनीला माझे उत्तर एवढेच आहे.

प्रदर्शनासाठी ताव पांढरे करावेत, त्यात ब्लीचिंग पावडर घालावी, अशी सूचना आली आहे. माझा तिला विरोध आहे. मुलांचे हात त्या पाण्यात असतात, आणि उरलेले पाणी आम्ही ओतून न देता पुढच्या लगद्याला वापरतो. ताव करडाच राहू द्यावा. त्यावर शाई फुटू नये म्हणून तांदळाची पातळ खळ लावली की पुरे.

पुढच्या वर्षी वर्ग चालवावयाचा तर घरोघरची जुनी धोतरे, लुगडी, पंचे हवेत. सिंथेटिक साड्या कृपा करून पाठवू नयेत. त्या कितीही कुटल्या तरी त्यांचा लगदा होत नाही. आजींनी तशी एक दिवसभर कुटून पाहिली आहे.