परसातील भिरंडाचे झाड
(वनमहोत्सवानिमित्त केलेल्या भाषणावरून)



"आमच्या परसात चेरी होईल काय?" असे एका शिक्षकांनी मागे मला विचारले होते. काश्मीर-हिमाचलातील ती गोड चेरी हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी मिळाल्यावाचून नीट फुलत नाही. आपल्या किनाऱ्यावर ती जगली तरी फळावयाची नाही. मात्र त्यांच्याच कुंपणाशी लालभडक फळांचे एक झाड उभे होते. ते म्हणजे आपले भिरंड, महाराष्ट्रात ज्याला कोकम वा रातांबा म्हणतात. परसातले म्हणून त्याची चौकशी कोणी करीत नाही.

आमच्या घरी वडिलांनी बीपासून वाढविलेले असेच एक झाड होते. सात उन्हाळे आईने भांडी विसळलेले पाणी त्याच्या मुळाशी ओतले. आठव्या वर्षी ते फुलले, पुष्कळ फुलले, आणि फळ एकही धरले नाही. वांझ ठरवून ते तोडण्यात आले. दोष झाडाचा नव्हता. भिरंडात नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे असते. बीपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि फुले येईपर्यंत ते कळत नाही. नराची फुले झुबक्याने येतात व त्यांत पुष्कळ पुंकेसर असतात. मादी फुलाच्या मध्यभागी गोल, हिरवा बीजकोश स्पष्ट दिसतो. शिक्षकांनी मुलांना फुलांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, हा भेद प्रत्यक्ष दाखवावा.

तेव्हा परसासाठी मादी झाडाचे कलमच घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये 'कोकण अमृता' ही जात प्रसारित केली. तिची फळे पावसापूर्वी हाती येतात, आणि आपल्याकडे महत्त्व त्याचेच आहे. पाऊस सुरू झाला की फळे झाडावरच कुजतात, सोले वाळत नाहीत. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ येऊ लागते. शेजारपाजारी एखादे नर झाड असल्यास ते तोडू नये. बागेत दहा झाडांमागे एक नर ठेवण्याची शिफारस आहे. कलमासाठी काडी उभ्या फांदीची घेतलेली असावी. आडव्या फांदीच्या काडीपासून झाड उंच न होता पसरत राहते.

खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. त्यात कुजलेले शेणखत व चांगली माती भरावी. दोन झाडांत वीस फुटांचे अंतर पुरे. माडापोफळींच्या सावलीतही भिरंड तग धरते. पहिले दोन उन्हाळे मात्र झावळ्यांची सावली व पाणी द्यावेच लागते. बहुतेक कलमे मरतात ती याच काळात.

सोले कशी करावीत हे येथील भगिनींना मी सांगावे, असे नाही. एवढेच सुचवितो की बिया उकिरड्यावर जाऊ देऊ नयेत. त्यांपासून निघणारे भिरंडेल पायांच्या भेगांवर आपल्या आज्या लावीत असत, आणि सौंदर्यप्रसाधनांत त्याला आज मागणी आहे.

आणखी एक. कलमाच्या जोडाखालून फुटवे येतात. ते दिसताच काढून टाकावेत. राहिले तर वरचे कलम मरते, खालचे रोप वाढते, आणि ते नर की मादी हे पाहण्यासाठी पुन्हा सात-आठ वर्षे थांबावे लागते.