दंतोपचार आणि वयाचे भान



दिनचर्येत दंतधावनाला मानाचे स्थान देणारी आपली परंपरा आहे. तरीही मुलीचे दात वेडेवाकडे येऊ लागले, की अनेक घरांत 'लग्नाच्या वेळी बघू' असे म्हटले जाते. मुलाच्या बाबतीत तर तेवढाही विचार होत नाही. उलट, चाळिशीतल्या आईने स्वतःच्या दातांविषयी विचारले, तर 'आता या वयात कशाला?' या उत्तराने तिची बोळवण होते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

दात म्हणजे हाडात ठोकलेला खिळा नव्हे. त्यावर मंद दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि विरुद्ध बाजूला नवे हाड तयार होते. ही क्रिया उतारवयातही चालू असते. हिरड्या व हाड निरोगी असल्यास साठीतही दात सरळ होऊ शकतात.

मग फरक कोठे? तो जबड्याच्या वाढीत आहे. किशोरवयात जबडा वाढत असतो. टाळूच्या मध्यरेषेवरील सांधा अजून पक्का जुळलेला नसतो. त्यामुळे अरुंद टाळू रुंद करता येतो आणि मागे राहिलेल्या खालच्या जबड्याच्या वाढीला साधनांची जोड देता येते. मुलींमध्ये वाढीचा हा वेग मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो. हा काळ निसटला, तर जबड्यातील मोठ्या दोषासाठी पुढे शस्त्रक्रियेचाच मार्ग उरू शकतो. म्हणूनच सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सुचवतात. तपासणी म्हणजे लगेच तारा बसवणे नव्हे.

प्रौढांचे प्रश्न निराळे असतात. काढलेल्या दाढांच्या रिकाम्या जागा, जुन्या टोप्या, सैल हिरड्या, अनियंत्रित मधुमेह यांचा विचार आधी करावा लागतो. हिरड्यांचा विकार आटोक्यात आणल्यावाचून तारा बसवणे म्हणजे खचत्या पायावर भिंत उभारणे होय. प्रौढांना कालावधीही बहुधा अधिक लागतो. मात्र निर्णय त्यांनी स्वतः घेतलेला असल्याने पथ्य पाळण्यात ते सहसा कमी पडत नाहीत.

एक नियम मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे. तारा निघाल्या, तरी दात पूर्वस्थितीकडे सरकू पाहतात. त्यांना जागेवर ठेवणारे साधन सांगितलेल्या मुदतीपर्यंत नियमाने वापरावेच लागते.

मुलाची वेळ चुकवू नये आणि आईची वेळ टळून गेली असे मानू नये, एवढे भान प्रत्येक कुटुंबाने राखावे.