घंटा वाजते, पण डबा कोण भरतो?

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात एका अनुभवी औषध विक्रेत्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



औषधांची आठवण करून देणारी साधने आज मुबलक आहेत. मोबाईलवर घंटा लावता येते, वारांचे खण असलेले डबे मिळतात, ठरल्या वेळी नेमका तोच खण उघडणारे आणि गोळी न घेतल्यास परदेशातील मुलाला संदेश धाडणारे डबेही निघाले आहेत. त्यांची उपयुक्तता मी नाकारत नाही. दीर्घकालीन आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३च्या अहवालात म्हटले होते. विसरणे हा दोष केवळ आपल्या आजी-आजोबांचा नव्हे!

परंतु घंटेला घड्याळ कळते, चतुर्थी कळत नाही. ग्लिमेपिराइड हे मधुमेहावरील औषध न्याहारीबरोबर घ्यावयाचे असते. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेते. आठाची घंटा वाजली, आजोबांनी शिस्तीने गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत निराहार राहिले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, गुंगी ही लक्षणे घरच्यांना पुष्कळदा वार्धक्याचीच वाटतात. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल, तर प्रथम साखरपाणी द्यावे आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. यंत्राच्या नोंदीत मात्र त्या दिवसापुढे ‘औषध घेतले’ अशी खूण झळकत असते. उपवास करू नका, असे सांगण्याचा अधिकार माझा नाही. तथापि त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची व कोणती वगळायची, हे डॉक्टरांना आधी विचारून घंटा वेगळी लावणे आपल्या हाती आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी असते, आणि दोन्ही दिसायला पुष्कळदा लहान व पिवळ्या. गल्लत होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेले, तर तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी घटतात, प्राणावर बेतते. डबा भरताना ती गोळी सातही खणांत पडली, तर यंत्र ती चूक सात दिवस अत्यंत बिनचूकपणे पार पाडील.

यास्तव माझा आग्रह यंत्रापेक्षा यादीचा आहे. घरातील एका माणसाने डबा भरावा, दुसऱ्याने यादीशी ताडून पाहावा. यादीत कंपनीने ठेवलेल्या नावासोबत मूळ औषधाचे नाव असावे. हृदयरोगतज्ज्ञ एका नावाने लिहून देतात, घरचे डॉक्टर दुसऱ्या नावाने. औषध एकच, मात्रा दुप्पट! दुकानाच्या फळीमागून हे मी वारंवार पाहिले आहे. १ ऑगस्ट २०२३पासून ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. मोबाईलने तो वाचला की मूळ नाव व मुदत समजते. हे काम नातवाकडे सोपवा, तो आनंदाने करील. यादीत वैद्यांची चूर्णे व काढेही लिहावेत. साखर उतरवणारे चूर्ण आणि साखर उतरवणारी गोळी एकमेकींना ओळखत नाहीत.

सगळ्याच गोळ्या डब्यात काढू नयेत. रक्त पातळ ठेवणारे डॅबिगॅट्रान दमटपणाने खराब होते. ते मूळ वेष्टनातच हवे. आपल्याकडील पावसाळ्यात याची विशेष काळजी घ्यावी. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियमची तिच्यानंतर चार तासांनी. केवळ ‘सकाळ’ लिहिलेल्या एका खणात दोघींना बसवून कसे चालेल?

तरुण मित्रांना एक विनंती. आईच्या खोलीत कॅमेरा लावून गोळ्या मोजू नका. डबा कोठे ठेवायचा, घंटा कोणत्या सुराची, हे तिलाच ठरवू द्या. परगावी असाल, तर रविवारी दूरध्वनीवर तिच्यासमवेत डबा भरा; गोळीचे नाव तिने वाचावे, तुम्ही यादी पाहावी. पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि गप्पाही होतात.

पुढील रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत मी येथेच बसणार आहे. घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणा, अर्ध्या कापलेल्या पट्ट्यांसह. चिठ्ठ्या विसरू नका.