आईच्या घड्याळाचे काय करावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. "घरातलीच एखादी गोष्ट सांगा, पण खरी सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. माझी गोष्ट एका जुन्या मनगटी घड्याळाची आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाटात असे एखादे बंद घड्याळ पडलेले असेल. ते टाकवत नाही आणि वापरताही येत नाही.

माझी आई नर्स होती. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांतून बाळंतपणे करण्यात तिची सारी नोकरी गेली. १९७४ साली पगारातून पैसे साठवून तिने एच.एम.टी.चे 'जनता' घड्याळ घेतले. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हा सरकारी घड्याळांचा कारखाना निघाला होता, आणि पुढे लग्नात जावयाला एच.एम.टी. देणे ही आपल्याकडे मोठ्या मानाची गोष्ट झाली. 'जनता' हे तसे पुरुषांचे घड्याळ. पण बायकांच्या पुष्कळशा नाजूक घड्याळांना सेकंदकाटा नसे, आणि आईला नेमका तोच हवा होता. मोठ्या माणसाची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तरी चालते. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, तो पुरा एक मिनिट मोजावा लागतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक भरला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

त्या काळी खेड्यात घड्याळे थोडी. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची आपली छोटी शकुंतला गाडी गेली की लोक वेळेचा अंदाज बांधीत. ती गाडी आता धावत नाही, आणि धावत होती तेव्हाही तिच्या वेळेचा भरवसा नव्हता! आईच्या घड्याळाचा मात्र साऱ्या गावाला भरवसा होता.

एका भाद्रपदात पलीकडच्या वस्तीवर बाई अडली. नाल्याला पूर. दोघा गड्यांचा हात धरून आई छातीइतक्या पाण्यातून गेली. पहाटे बाई सुखरूप सुटली, तेव्हा तिची सासू म्हणाली, "माय, तुमचं घड्याळ भिजलं नं जी!" चुलीच्या उबेला ठेवून ते वाळवले. ते चालू झाले, पण सहाच्या आकड्यापाशी तांबूस डाग पडला तो कायमचा.

आई गेली तेव्हा ते घड्याळ माझ्याकडे आले. सेकंदकाटा तुटलेला, काच धुरकट, चावी झिजलेली, आणि यंत्र बंद. माझा मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक. हे कारखाने बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. हौशी लोक आता ही घड्याळे शोधतात." मोबाईलवर त्याने गिऱ्हाईकही पाहिले, दोन हजार रुपये द्यायला तयार. दादाचे म्हणणे वेगळे. "आईची वस्तू अशी कळकट का ठेवायची? अगदी नवी करून घे, खर्च मी देतो."

मला दादाचे पटले. यवतमाळला एका जुन्या कारागिराकडे गेले. भिंगातून पाहून तो म्हणाला, "मशीन चांगलं आहे ताई. तेल सुकलंय. धुऊन तेल देतो. काच, चावी नवी बसवू. काटा दुसऱ्या 'जनता'चा मिळेल. डायलही मुंबईहून नवा रंगवून आणतो. कोणी ओळखणार नाही." मी आगाऊ पैसे देऊन घरी आले.

रात्री झोप लागेना. "कोणी ओळखणार नाही" हेच शब्द मनात घोळू लागले. मग मी तरी ओळखीन का? सकाळी चहासुद्धा न घेता ऑटो करून दुकान गाठले. डायल अजून पाठवला नव्हता. कारागीर हसला आणि त्याने मला खरी गोष्ट सांगितली. नवा रंग देण्याआधी डायलवरचे जुने अक्षर खरवडून काढतात. एकदा गेले की ते परत येत नाही. तीन घड्याळांचे भाग जोडून, रंगवून 'जुने' म्हणून विकणारेही आहेत; म्हणून जाणते गिऱ्हाईक रंगवलेल्या डायलपेक्षा डागाळलेला अस्सल डायल पत्करते.

तेव्हा ठरवले. जे झिजण्यासाठीच असते ते बदलावे: काच, चावी, काटा. डायल आणि केस यांना हात लावू नये.

दादा रागावला. दोन महिने त्याचा फोन नाही. भाऊबीजेला आला तेव्हा घड्याळ त्याच्या हातात दिले आणि डागाची हकीकत सांगितली. त्या वर्षी तो शिकायला बाहेर होता, त्याला ती ठाऊकच नव्हती. त्याने घड्याळ कानाला लावले आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. पुढे तो विषय त्याने काढला नाही.

पण भगिनींनो, विकणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. याच दादाच्या फीसाठी आईने हातातल्या पाटल्या विकल्या होत्या, आणि डोळ्यांतून टिपूस काढले नाही. घड्याळ मात्र विकले नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिला फेरीवर जायचे होते. घरात नड असेल तर खुशाल विकावे. मला नड नव्हती. मग प्रश्न उरला, या घड्याळाला अजून काही काम आहे का?

ते काम दादाच्या मुलीने दाखवले. ती नर्सिंग शिकते. म्हणाली, "आत्या, नाडीला आता यंत्र आहे, पण बाळाचा श्वास आम्ही अजून घड्याळ लावूनच मोजतो." हे घड्याळ दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते. म्हणजे एका मिनिटात सेकंदाचा दहावा भागही चुकत नाही! बस गाठायला ते निरुपयोगी, पण श्वास मोजायला पुरेसे आहे. घड्याळ तिला दिले. सोबत चिठ्ठी दिली: कोणी, केव्हा घेतले, काय काय बदलले, डाग कशाचा. पुढे कधी विकायची वेळ आली, तर चिठ्ठीसुद्धा द्यायची, असे बजावले.

जाता जाता दोन सूचना. चावीच्या घड्याळाला रोज ठराविक वेळी चावी द्या, आणि ती घट्ट लागताच थांबा. फार जुन्या विलायती घड्याळांच्या काट्यांवर चमकणारे रेडियम असे. चमक गेली तरी त्याचा अपाय शेकडो वर्षे राहतो, म्हणून असे घड्याळ घरी उघडू नका, खरवडू नका.

आणि आज घरी गेल्यावर कपाटातले ते बंद घड्याळ बाहेर काढा. ते कोणाचे, कुठून आले, हे सांगणारे घरात कोणी असेल तर त्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा. ठेवायचे की विकायचे हे मग सावकाश ठरवा.